पूर्वी दारूचं व्यसन होतं, आता सुटलं आहे. अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळू शकतो का?

काही महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या ओपीडीत एक काका आले. बीपी मोजून झालं, गोळ्या लिहून झाल्या, तरी उठेनात. मग पिशवीतून एक जुनी प्लॅस्टिकची फाइल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत मुलाचे पंधरा वर्षांपूर्वीचे व्यसनमुक्ती केंद्रातले कागद होते. सगळ्यात वर मीच लिहिलेली चिठ्ठी होती. तेव्हा मला प्रॅक्टिस सुरू करून दोनच वर्षं झाली होती.

मुलगा आता चाळिशीला आला आहे, अमेरिकेत स्थायिक आहे, तिथला नागरिकही झाला आहे. तिथल्या संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी मिळते आहे, पण त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स हवा. त्याचा फॉर्म भरायला घेतला आणि त्यात दारूचे प्रश्न निघाले. काका हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, एक तर हे सगळं फाडून टाकतो, नाहीतर तुम्ही लिहून द्या की तो तेव्हा काविळीसाठी ॲडमिट होता."

मी दोन्हीला नाही म्हटलं. का, ते या लेखात सांगते. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे.) मी वकील नाही. पण या प्रक्रियेत डॉक्टरने लिहिलेल्या कागदाला बरंच वजन असतं, म्हणून अमेरिकन सरकारचे जाहीर नियम मी नीट वाचले. त्यातला आरोग्याशी संबंधित भाग समजावून सांगणं माझं काम आहे.

हा प्रश्न नेमका कोणाचा?

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी. तिचे कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट असे तीन स्तर असतात. काही अपवाद सोडले तर ती फक्त अमेरिकन नागरिकांना मिळते. त्यामुळे तुम्ही एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर सध्या हा प्रश्न तुमचा नाही. पण नागरिकत्व घेतलेले आपल्याकडचे इंजिनिअर, तिथेच जन्मलेली आपली मुलं-पुतणे, सैन्यात किंवा सरकारी खात्यात जाऊ पाहणारी तरुण मंडळी यांना हा फॉर्म भरावा लागू शकतो. त्याचं नाव एसएफ-८६. बहुतेक चौकशा डिफेन्स काउंटरइंटेलिजन्स अँड सिक्युरिटी एजन्सी ही संस्था करते.

सरकारला आपल्या दारूशी काय देणंघेणं?

नैतिकतेचा प्रश्न इथे फारसा नाही. दारू पिणं हा तिथे गुन्हा नाही आणि रोज जेवताना एक ग्लास वाइन घेणाऱ्याला कोणी अडवत नाही. प्रश्न आहे तो विवेकाचा. दारूचा पहिला परिणाम मेंदूच्या पुढच्या भागावर होतो. 'हे बोलू नये', 'इथे थांबावं' हे ठरवणारा भाग तोच. ज्याला आपलं पिणं आवरता येत नाही त्याच्या तोंडून नको ती गोष्ट निसटू शकते, लॅपटॉप कुठेतरी राहू शकतो. शिवाय तो ते पिणं लपवत असेल तर दुसरा कोणी त्या गुपिताचा वापर करून त्याला दबावाखाली आणू शकतो. लपवणं हाच धोका आहे, हे काकांना पटायला वेळ लागला. आपल्या घरांमध्ये लपवणं हाच उपाय मानला जातो ना!

एक जुना खटला इथे सांगण्यासारखा आहे. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमरटन इथे नौदलाचं ट्रायडंट पाणबुड्यांच्या दुरुस्तीचं केंद्र आहे. तिथे १९८१ मध्ये थॉमस ईगन नावाचा माणूस कामावर लागला. १९८३ मध्ये त्याला क्लिअरन्स नाकारला गेला आणि नोकरी गेली. कारणं अनेक होती: मारहाण आणि बंदुकीच्या गुन्ह्यांतल्या जुन्या शिक्षा, त्यातल्या काही नोकरीच्या अर्जात न सांगणं आणि त्याची स्वतःची कबुली की पूर्वी आपल्याला दारूचा त्रास होता व शिक्षेचे शेवटचे २८ दिवस आपण व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सिक्युरिटी क्लिअरन्स मिळणं हा कोणाचाही हक्क नाही. शंका उरली तर तिचा फायदा देशाच्या सुरक्षेला मिळतो, अर्जदाराला नाही. हे तत्त्व आजही लागू आहे. म्हणजे 'माझ्याविरुद्ध सिद्ध करून दाखवा' अशी भूमिका इथे चालत नाही. आपण बरे आहोत हे आपल्यालाच दाखवून द्यावं लागतं.

नियम काय सांगतो

आजचे निकष जून २०१७ पासून लागू झालेल्या एका सरकारी निर्देशात आहेत. त्यात एकूण १३ विषय आहेत. पैसा, परदेशी संबंध, अमली पदार्थ असे एकेक. दारूसाठी 'गाइडलाइन जी' आहे. तिचे दोन भाग आहेत: कशामुळे चिंता वाटते आणि कशामुळे ती कमी होते.

चिंतेच्या यादीत दारू पिऊन गाडी चालवणं, मारामारी, घरात बायको-मुलांना मारहाण, कामावर पिऊन जाणं, सवयीने किंवा एका बैठकीत भान सुटेपर्यंत पिणं हे सगळं आहे. यातल्या प्रसंगांना तुम्ही 'व्यसनी' असण्याची अट नाही. कॉलेजात असताना एकदाच पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला मुलगासुद्धा या यादीत येतो. पुढे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर यांनी केलेलं निदान येतं. आणि मग तीन गोष्टी, ज्या माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या आहेत: निदान झाल्यावर उपचारांचा सल्ला न पाळणं, त्या सल्ल्याच्या विरुद्ध पुन्हा पिणं आणि कोर्टाने उपचार किंवा समुपदेशन सांगितलेलं असताना ते न करणं.

नीट पाहा. 'उपचार घेतले' हे या यादीत कुठेही नाही. उपचार घेणं दुसऱ्या भागात, चिंता कमी करणाऱ्या गोष्टींमध्ये आहे. तिथे थोडक्यात असं म्हटलं आहे: बराच काळ लोटला असेल किंवा प्रसंग अपवादात्मक असेल आणि पुन्हा घडण्याची शक्यता नसेल, माणसाने आपला त्रास मान्य केला असेल, त्यावर काय केलं याचे पुरावे दिले असतील आणि उपचारांच्या सल्ल्याप्रमाणे पिणं कमी किंवा बंद केल्याचं दिसत असेल, सध्या उपचार चालू असतील, प्रगती चांगली असेल आणि याआधी उपचार होऊन पुन्हा घसरण झालेली नसेल, किंवा उपचार व पुढचा फॉलोअप पूर्ण करून तो सल्ला पाळलेला असेल.

किती वर्षं? हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. नियमात वर्षांचा आकडा नाही. एक वर्ष पुरलं, दोन लागली, असं सरळ गणित मांडता येत नाही. प्रसंग किती गंभीर होता, तेव्हा वय काय होतं, किती वेळा घडलं, त्यानंतर माणूस कसा वागला, असं सगळं मिळून पाहिलं जातं. वैद्यकशास्त्रात मात्र एक टप्पा आहे. डीएसएम-५ या निदानपद्धतीप्रमाणे व्यसनाची लक्षणं सलग १२ महिने नसतील तर त्याला 'सस्टेन्ड रिमिशन', म्हणजे टिकलेली मुक्तता म्हणतात. दारूची ओढ अधूनमधून वाटली तरी चालते. तीन महिने ते बारा महिन्यांपर्यंतचा काळ 'अर्ली रिमिशन'. म्हणून अगदी अलीकडे, समजा चार महिन्यांपूर्वी, दारू सोडलेल्या माणसाने लगेच फॉर्म भरला तर त्याची बाजू मांडणं अवघड जातं. त्याची इच्छा खरी असेलही, पण दाखवायला काळच हाताशी नसतो.

आम्ही डॉक्टर काय लिहितो

आता आमच्याच घरचं सांगते. आपल्याकडच्या केस पेपरवर एक शब्द सर्रास दिसतो: 'क्रॉनिक अल्कोहोलिक'. रात्री दोनला पोटदुखीने आलेल्या, तोंडाला वास येणाऱ्या माणसाच्या कागदावर घाईत हे लिहिलं जातं. हे निदान नाही, शेरा आहे. याउलट सवयींच्या रकान्यात 'ऑकेजनल' लिहितात. त्यातूनही काही कळत नाही. महिन्यातून एकदा अर्धी बाटली रिचवणाराही ऑकेजनलच.

खरं निदान म्हणजे 'अल्कोहोल यूज डिसऑर्डर'. त्याचे ११ निकष आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करण्याचे प्रयत्न फसणं, ओढ लागणं, पिण्यामुळे काम किंवा घर बिघडणं, तरीही पीत राहणं, जास्त दारू लागणं, बंद केल्यावर हातपाय कापणं, असे. गेल्या १२ महिन्यांत यातले दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. जुना 'अल्कोहोलिक' शेरा तुमच्या कागदांवर असेल तर घाबरू नका, पण तो तसाच सोडूही नका. मानसोपचारतज्ज्ञाकडून आजचं रीतसर मूल्यमापन करून घ्या. त्यात तेव्हाची तीव्रता, आजची स्थिती आणि पुढचा अंदाज स्पष्ट लिहिलेला असू द्या.

प्रमाण सांगतानाही घोटाळा होतो. अमेरिकेत 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा ६० मिलीचा लार्ज पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे तिथल्या जवळजवळ तीन ड्रिंक. 'मी फक्त एक बिअर घेतो' असं तिथल्या डॉक्टरला सांगताना बाटलीचा आकार आणि टक्केवारीही सांगा.

मघाशी सांगितलेला 'सल्ल्याच्या विरुद्ध पिणं' हा मुद्दाही डॉक्टरच्या लिहिण्याशीच येऊन थांबतो. नियमात दारू कायमची बंदच केली पाहिजे असं सरसकट म्हटलेलं नाही. 'उपचारांच्या सल्ल्याप्रमाणे' असं म्हटलं आहे. म्हणजे मोजपट्टी तुमच्या डॉक्टरचा सल्ला हीच. तीव्र व्यसन होऊन गेलेल्या माणसाला आम्ही पूर्ण बंदच सांगतो. मग भाच्याच्या लग्नात घेतलेला एकच ग्लास हा घरच्यांना किरकोळ वाटला तरी त्या सल्ल्याचा भंग ठरतो. आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतंच 'दारू कमी करावी' असं मोघम लिहिलेलं असेल तर मोजायचं कशाने? म्हणून केंद्रातून बाहेर पडताना 'पूर्ण बंद' की 'मर्यादित', हे स्पष्ट लिहून मागा. हल्ली मी स्वतः तसंच लिहून देते.

फॉर्ममधले प्रश्न वाचताना

काकांच्या मुलाचा गोंधळ इथे झाला होता. गेल्या सात वर्षांत दारूमुळे काम, नाती किंवा पैसा यांवर वाईट परिणाम झाला का, पोलिसांना मध्ये पडावं लागलं का, असा एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'नाही' होतं. त्याला वाटलं, पंधरा वर्षांपूर्वीचं सांगायची गरजच नाही. पण पुढच्या प्रश्नांत 'कधीही' हा शब्द आहे. दारूसाठी समुपदेशन किंवा उपचार घ्यायला कधी कोणी सांगितलं होतं का? स्वतःहून कधी घेतले का? इथे सात वर्षांची मर्यादा नाही आणि 'फक्त अमेरिकेत' अशी सूटही नाही. सल्ला देणाऱ्यांमध्ये डॉक्टरही मोजले जातात. म्हणजे माझी ती अडीच ओळींची चिठ्ठीसुद्धा त्यात आली. पोलीस रेकॉर्डच्या भागातही दारूशी संबंधित आरोप कधी झाला होता का, असा काळाची मर्यादा नसलेला प्रश्न आहे. फॉर्मचे शब्द वेळोवेळी बदलतात. तेव्हा मित्राने काय भरलं होतं ते विचारत बसू नका, आपल्यासमोरचा प्रश्न शब्द न् शब्द वाचा.

खोटं उत्तर दिलं तर दारूचा मुद्दा बाजूला राहतो आणि खोटेपणाचा नवा मुद्दा तयार होतो. त्यासाठी वेगळी गाइडलाइन आहे आणि संघराज्याच्या कायद्यात जाणूनबुजून खोटं विधान केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षांपूर्वीची, बरी झालेली गोष्ट सांगितली तर तिला वर सांगितलेली सगळी कारणं साथ देतात. तीच लपवली तर ती आजची गोष्ट होते. चुकून आधीच 'नाही' भरलं असेल तर कोणी विचारायच्या आत स्वतःहून दुरुस्त करा. नियमांमध्ये अशा वेळीच केलेल्या प्रामाणिक दुरुस्तीला जागा आहे. पूर्वी व्हिसाच्या किंवा नागरिकत्वाच्या कागदांत वेगळं लिहिलेलं असेल तर मात्र आधी तिथल्या वकिलाला भेटा.

कागद जपा

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट झालेल्या पेशंटचे रेकॉर्ड डॉक्टरने तीन वर्षं जपायचे असतात. त्यानंतर ते नष्ट केले तर तक्रार करायला जागा नाही. म्हणजे काका जी फाइल फाडायला निघाले होते, ती कदाचित जगातली एकमेव प्रत असेल. मुलाने पूर्ण उपचार घेतले, वर्षभर फॉलोअपला येत राहिला, हे दाखवणारं दुसरं काही उरलेलं नसेल. रेकॉर्ड अजून असतील तर मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असंही त्याच नियमांत आहे. अर्ज पेशंटने स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने करायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही येतात, त्यामुळे गोपनीयता कडक आहे. म्हणूनच वडील समोर बसलेले असूनही मी आधी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले, त्याची लेखी संमती मागवली आणि मगच पेन हातात घेतलं.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल एक सांगते, कारण लोक नॉर्मल लिव्हर रिपोर्ट घेऊन निर्धास्त होतात. लिव्हर रिपोर्ट नॉर्मल असणं म्हणजे माणूस पीत नाही, असं नव्हे. उलट जीजीटी वाढलेलं असेल तर कारण फॅटी लिव्हर किंवा एखादं औषधही असू शकतं. 'पीईटीएच' नावाची रक्ततपासणी अधिक नेमकी आहे. मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं ती साधारणपणे दाखवते. काही महिन्यांच्या अंतराने केलेले असे रिपोर्ट उपयोगी पडतात, एकटा रिपोर्ट फार काही सांगत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसला जात असाल तर ती संस्था सभासदांची नोंद ठेवत नाही. तुमचे स्पॉन्सर किंवा सोबतचे कोणी स्वतःच्या इच्छेने पत्र देऊ शकतात. पत्नी, वरिष्ठ, शेजारी यांची साधी, खरी पत्रंही चालतात. तसेही चौकशी करणारे अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलतातच.

क्लिअरन्स नाकारायचा विचार असेल तर कारणांचं लेखी पत्र येतं. कंत्राटदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना उत्तर द्यायला त्यात २० दिवस असतात आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. वीस दिवसांत पुण्या-नाशिकहून पंधरा वर्षांपूर्वीचे कागद मिळवणं कठीण, म्हणून ते आधीच जमवून ठेवा.

त्रास अजून चालू असेल तर

हे वाचणाऱ्यांमध्ये असेही कोणी असतील ज्यांचं पिणं अजून सुटलेलं नाही आणि 'रेकॉर्डवर येईल' म्हणून ते डॉक्टरकडे जात नाहीत. क्लिअरन्स आधीच असलेल्यांची भीती तर जास्तच, कारण दारूसाठी उपचार घेतले तर ते कळवणं त्यांना बंधनकारक आहे. ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. कळवल्यावर फाइल पुन्हा उघडली जाऊ शकते. पण आता अशा लोकांची तपासणी सतत चालू असते, अटक झाली तर ती आपोआप कळते. उपचार टाळत राहिलेला माणूस बहुधा एका रात्री गाडीच्या स्टिअरिंगवर सापडतो, आणि तेव्हा यादीतलं पहिलंच कलम त्याच्या नावावर लागलेलं असतं. स्वतःहून मदत मागणारा आणि पकडला गेलेला यांच्याकडे तिथले नियम एकाच नजरेने पाहत नाहीत.

एक धोक्याची सूचना. मुलाखतीआधी 'स्वच्छ' दिसायचं म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, घबराट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस बरळायला लागू शकतो, नसलेलं दिसू लागतं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन घेत बंद करायची असते. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं पुढे ओढ कमी करायला मदत करतात. 'पेशंटच्या नकळत चहातून द्या' अशा जाहिरातींच्या पुड्यांपासून तर लांबच राहा. त्यात काय असतं याचा भरवसा नाही. आणि नकळत दिलेल्या औषधाने माणूस आपला त्रास मान्य करत नाही, जी या सगळ्यातली पहिली पायरी आहे.

अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालू असते. भारतात टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आणि एकदा सुटून पुन्हा सुरू झाली असेल तर? वैद्यकीय दृष्टीने घसरण होणं ही नवलाची गोष्ट नाही. काकांच्या मुलाचंही तसंच झालं होतं. केंद्रातून आल्यावर सहाव्या महिन्यात एका मित्राच्या हळदीला तो प्यायला, दोन दिवस घरी आला नाही, मग स्वतःच केंद्रात फोन करून परत गेला. त्याला हा भाग गाळायचा होता. मी म्हटलं, फाइलमध्ये दुसऱ्या वेळेची नोंद आहेच, आणि तिच्यानंतरची चौदा वर्षंही आहेत.

मी पत्र दिलं ते एका पानाचं. कोणत्या वर्षी कशासाठी पाठवलं, नंतर किती वर्षं तपासलं, मला काय दिसलं, एवढंच. जे मी पाहिलं नाही ते लिहिलं नाही. त्याने तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून नवं मूल्यमापन करून घेतलं आणि फॉर्ममध्ये 'कधीही' या शब्दासमोर 'हो' लिहिलं. चौकशी अजून चालू आहे. काका गेल्या आठवड्यात बीपीसाठी आले होते. फाइल स्कॅन करून पाठवली म्हणाले. मी विचारलं, दोन्ही बाजू केल्या ना? फॉलोअपच्या तारखा आणि समुपदेशकांच्या सह्या कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत. ते केलं नव्हतं. तसेच उठून परत झेरॉक्सच्या दुकानात गेले.